तुर्कस्तानातली सक्तीची लष्करी सेवा: कोणाला लागू, अर्ज कसा, कागद कोणते

तुर्की नागरिक असलेला मुलगा ज्या वर्षी वीस वर्षांचा होतो, त्या वर्षाच्या 1 जानेवारीपासून तो लष्करी सेवेच्या वयात आला, असं तिथला कायदा धरतो. हे वय तो एकेचाळीस वर्षांचा होतो त्या वर्षाच्या 1 जानेवारीला संपतं. मुलींना सक्ती नाही. मुलगा बर्लिनला जन्मला की पुण्यात वाढला, त्याला तुर्की बोलता येतं की नाही, याने फरक पडत नाही. आई-वडिलांपैकी एक जण तुर्की आणि मुलाचं नाव तिथल्या नागरिक नोंदवहीत, एवढं पुरे.

माझ्या भाचीने इझमीरच्या मुलाशी लग्न केलं, तेव्हापासून मी हा विषय मुळातून समजून घेतला. अशा घरांतल्या मराठी आयांनी हे नीट वाचावं असं मला मनापासून वाटतं, कारण ‘बघू पुढे’ म्हणता म्हणता तारीख निघून जाते आणि भोगावं पोराला लागतं.

सध्याचा कायदा जून 2019 चा. त्याआधी 1927 चा कायदा चालायचा. नव्या कायद्याने साध्या शिपायाची सेवा बारा महिन्यांवरून सहा महिन्यांवर आणली. सहा महिने झाल्यावर ज्याची इच्छा असेल त्याला पगारावर आणखी सहा महिने राहता येतं. चार वर्षांची पदवी घेतलेल्यांमधून गरजेनुसार राखीव अधिकारी निवडतात, त्यांची सेवा मात्र बारा महिन्यांची.

पहिली पायरी ‘योक्लामा’, म्हणजे हजेरी आणि तपासणी. ती ‘ए-देवलेत’ या सरकारी पोर्टलवरून करता येते. पोर्टलचा पासवर्ड ओळखपत्र दाखवून पोस्टात मिळतो, परदेशात असाल तर तुर्की वकिलातीत. मुंबईतही त्यांची वकिलात आहे. मुलाने शिक्षण, व्यवसाय, पत्ता आणि तब्येतीची माहिती भरायची. मग फॅमिली डॉक्टरकडे तपासणी होते, त्याला शंका आली तर तो मोठ्या रुग्णालयात पाठवतो. जुना आजार असेल तर सगळे रिपोर्ट इथेच पुढे करा, नंतरसाठी ठेवू नका. योग्य ठरला की कुठे आणि कधी हजर व्हायचं तो कागद, ‘सेव्क बेल्गेसी’, पोर्टलवरूनच निघतो. पोर्टल जमत नसेल तर ‘आस्केरलिक शुबेसी’ नावाचं लष्करी भरती कार्यालय आहे, तिथे ओळखपत्र घेऊन जायचं.

शिकणाऱ्या मुलांना सेवा पुढे ढकलता येते, पदवीसाठी वयाच्या 28 पर्यंत. तुर्कस्तानातलं विद्यापीठ ही माहिती स्वतः कळवतं. परदेशी विद्यापीठात असेल तर विद्यार्थी असल्याचा दाखला वकिलातीत तुम्हालाच द्यावा लागतो, आणि घोळ नेमका इथेच होतो. एखादा भाऊ सेवेत शहीद झालेला असेल, तर बाकीच्या भावांना त्यांच्या इच्छेशिवाय बोलावत नाहीत.

आता सगळे विचारतात ती ‘बेदेल्ली’. हा ‘बेदेल’ आणि आपला ‘बदल’ एकाच अरबी शब्दातून आले. सेवेच्या बदल्यात पैसे, हा अर्थ शब्दातच आहे. प्रथाही जुनी: उस्मानी काळात बिगरमुस्लिमांकडून सैन्याऐवजी असा कर घेत. 1999 च्या भूकंपानंतर निधी हवा होता तेव्हा सरकारने ही सवलत दिली, 2018 मध्ये 15,000 लिरा आणि 21 दिवस अशी दिली, आणि 2019 पासून ती कायमची झाली. पण पैसे भरले म्हणजे सुटलो, हा समज चुकीचा आहे. एक महिन्याचं मूलभूत प्रशिक्षण करावंच लागतं. रक्कम सरकारी नोकरांच्या पगाराच्या गुणकाशी बांधलेली असल्याने जानेवारीत आणि जुलैत बदलते. म्हणून कोणीतरी सांगितलेला आकडा धरून बसू नका, अर्जाच्या दिवशीचा बघा. नोकरदाराला तेवढ्या महिन्याची बिनपगारी रजा मिळते.

परदेशात राहणाऱ्यांसाठी ‘दोव्हिझ्ले’, म्हणजे परकीय चलनात रक्कम भरणं. यात छावणीत जावं लागत नाही, प्रशिक्षण ऑनलाइन असतं. अट अशी की निवास किंवा कामाचा परवाना घेऊन परदेशात एकूण किमान तीन वर्षं काम केलेलं हवं, आणि तुर्कस्तानात घालवलेले दिवस त्यातून वजा होतात. अर्ज वकिलातीत. सोबत पासपोर्ट, परवाने आणि नोकरीचे पुरावे. जुने पासपोर्ट टाकून देऊ नका, त्यांवरचे शिक्के दिवसांचा हिशोब लावायला उपयोगी पडतात.

तारीख चुकवली तर दिवसागणिक दंड चढतो. स्वतःहून गेलं तर कमी, पोलिसांना सापडलं तर जास्त, आणि पुढेही टाळलं तर फौजदारी खटला. विवेकाला पटत नाही म्हणून नकार देण्याची सोय तिथल्या कायद्यात नाही. ओस्मान मुरात उल्के या तरुणाने नकार दिला, त्याला पुन्हा पुन्हा तुरुंगात टाकलं गेलं. 2006 मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने तुर्कस्तानला दोषी ठरवलं, तरी ही सोय झालेली नाही. मला हे अन्यायाचं वाटतं.

भाचीच्या नवऱ्याकडे बेदेल्लीचे पैसे जमले नव्हते, म्हणून तो सहा महिन्यांसाठी गेला. निघायच्या आदल्या रात्री भाचीच्या सासूने त्याच्या तळहातावर मेंदी लावली. तिथे मेंदी तिघांना लावतात: कुर्बानीच्या मेंढ्याला, नवरीला आणि सैन्यात निघालेल्या मुलाला. बसस्थानकावर ढोल आणि सनईसारखा झुर्ना वाजत होते, मित्र त्याला खांद्यावर घेऊन नाचत होते, आणि भाची फोनवर मला ते दाखवता दाखवता रडत होती. उरलेल्या दिवसांना तिकडे ‘शाफाक’ म्हणतात, म्हणजे पहाट. रोज रात्री त्याचा एवढाच मेसेज यायचा: शाफाक 96, शाफाक 95.

सुटताना मिळतो तो ‘तेझकेरे’, सेवा पूर्ण केल्याचा दाखला. नोकरीला तो विचारतात, काही घरांत लग्नाच्या बोलणीतही. भाचीने त्याची प्रत प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये लग्नाच्या दाखल्याशेजारी ठेवली आहे. सेवेची सद्यस्थिती सांगणारा दाखला ए-देवलेतवरून कधीही काढता येतो.