मॅटाडोर पुनर्बांधणी, घरगुती (ठाणे–नवी मुंबई)

मॅटाडोर पुनर्बांधणी : वापरातून गेलेली मॅटाडोर (बजाज टेंपो कंपनीची जुनी व्हॅन) किंवा तिच्या वर्गातली बंद बांधणीची व्हॅन घेऊन तिचा पत्रा, इंजिन व वायरिंग पुन्हा चालते करणे आणि आत झोपण्या-रांधण्याची सोय करून तिला फिरते घर बनवणे. हे काम मालक स्वतः सुट्टीच्या दिवसांत, ओळखीच्या मिस्त्रीला हाताशी धरून, राहत्या जागेच्या आसपास करतो तेव्हा त्याला घरगुती म्हणतात. मारुतीची ओम्नी (१९८४–२०१९) याच कामासाठी पुष्कळदा घेतली जाते. तिचे ७९६ घन सेंमी.चे इंजिन कुठलाही मिस्त्री उघडू शकतो. मात्र आतली उंची जेमतेम बसण्यापुरती असल्याने अंथरुणापलीकडे फारसे काही मावत नाही. म्हणून येथे मॅटाडोर मध्यवर्ती धरली आहे.

गॅरेजमधला शब्द ‘गाडी बनवणे’ किंवा ‘गाडी उभी करणे’ असा आहे. लेखी मराठीत ‘जीर्णोद्धार’ही आढळतो, पण तो शब्द देवळे, घाट, विहिरी यांच्याशी इतका जोडला गेला आहे की गाडीला लावताना अवघडल्यासारखा वाटतो. ‘पुनर्बांधणी’ हा त्यातल्या त्यात नेमका.

अशा जुन्या गाडीला बोलताना ‘विंटेज’ही म्हणतात, पण ‘विंटेज’ नेमके कोणाला म्हणावे याबद्दल एकमत नाही. मूळ शब्द द्राक्षतोडणीचा : लॅटिन ‘विन्देमिया’ फ्रेंचमार्गे इंग्रजीत गेला, आधी मद्याच्या सालाला लागला आणि मग मोटारीला. ब्रिटनमधील १९३४ साली स्थापन झालेल्या व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लबच्या परिपाठात ही सीमा १९३० अखेरची आहे. त्या मापाने कोणतीही मॅटाडोर विंटेज ठरत नाही. ‘फिवा’ हा जुन्या वाहनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ किमान ३० वर्षांची अट घालतो. भारतात जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली दुचाकी वा चारचाकी विंटेज मानली जाते. अशा गाडीला नोंदणी क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे मिळतात आणि नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे. व्याख्येच्या वादापेक्षा याच नियमांतील दोन अटी येथे अधिक महत्त्वाच्या आहेत. चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा ही पहिली. आणि गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल अशा कारणांशिवाय नित्य रस्त्यावर आणू नये ही दुसरी. फिरते घर करणाऱ्याला या दोन्ही अटी अडतात. सत्तरच्या दशकातल्या मॅटाडोर आता एकामागून एक पन्नाशी गाठत आहेत, तेव्हा मालकाला विंटेजचा मान हवा की मुक्कामाची गाडी, हे कामाला हात घालण्यापूर्वीच ठरवावे लागते. प्रस्तुत नोंदीत ‘विंटेज’ हा शब्द सैल, बोलीतल्या अर्थाने घेतला आहे.

नाव : ‘मातादोर’ म्हणजे स्पॅनिश बैलझुंजीत अखेरचा वार करणारा, मूळ क्रियापद ‘मातार’, ठार मारणे. या क्रियापदाच्या उगमाबद्दल दोन मते आहेत. एक मत ते बुद्धिबळातल्या ‘शाह मात’शी, म्हणजे फार्सी-अरबी ‘मात’शी जोडते. हे खरे असेल तर ‘मॅटाडोर’ आणि आपले ‘मात करणे’ एकाच कुळातले ठरतील. दुसरे मत ते उत्तरकालीन बोली लॅटिनमधील ‘मत्तारे’पर्यंत नेते. स्पॅनिश कोशकारांचा कल अलीकडे दुसऱ्या मताकडे दिसतो, आणि ध्वनिबदलांच्या दृष्टीने तेच अधिक सुरक्षित वाटते. मराठीत हा शब्द मॅटाडोर, मेटाडोर, मटाडोर असा तिन्ही प्रकारे लिहिला जातो. वऱ्हाडाची किंवा शाळेच्या मुलांची ने-आण करणाऱ्या कोणत्याही बंद गाडीला लोक मॅटाडोर म्हणू लागले. ‘टेंपो’चेही तसेच झाले. मुळात हे एका जर्मन कंपनीच्या गाड्यांचे व्यापारी नाव; मराठीत ते छोट्या मालगाडीचे सामान्यनाम झाले आणि त्याला अनेकवचनाचीही गरज उरली नाही.

कुळ : हँबुर्गच्या व्हिडाल आणि पुत्र या कंपनीने टेंपो या नावाने तीनचाकी मालगाड्या काढल्या. तिची पहिली चारचाकी मॅटाडोर १९४९ ची. तिला फोक्सवॅगन बीटलचे इंजिन बसवलेले होते. फोक्सवॅगनने १९५० मध्ये स्वतःची व्हॅन बाजारात आणल्यावर दोनेक वर्षांत तो पुरवठा थांबला. जगभर ‘कॅम्पर’ म्हटले की जी गोल तोंडाची फोक्सवॅगन डोळ्यांपुढे येते, तिची आणि मॅटाडोरची सोयरीक एवढी जवळची आहे. (वेस्टफालिया कंपनीने १९५१ च्या सुमारास त्या फोक्सवॅगनसाठी काढलेली ‘कॅम्पिंग पेटी’ हा कारखान्यात बनलेल्या फिरत्या घराचा आद्य नमुना समजतात. ती उचलून बाहेर काढता येत असे आणि गाडी सोमवारी पुन्हा कामाला जाई. हा तपशील पुढे उपयोगी पडेल.)

भारतात १९५८ मध्ये फिरोदिया कुटुंबाच्या पुढाकाराने बजाज टेंपोची स्थापना झाली. २००५ मध्ये ती फोर्स मोटर्स झाली. भारतीय मॅटाडोर नेमकी कोणत्या जर्मन गाडीवरून आली याबद्दल लिखाणात गोंधळ आढळतो. नावसाधर्म्यामुळे काहीजण ती १९४९ च्या गाडीशी जोडतात. मात्र चेहरा, दारांची ठेवण आणि पुढच्या चाकांना जाणारी गती पाहता तिचे नाते हानोमाग या जर्मन कंपनीच्या १९६७ नंतरच्या ‘एफ’ मालिकेशी आहे, हे मत ग्राह्य वाटते. व्हिडालची कंपनी तोवर हानोमागमध्ये विलीन झाली होती. पुढे हानोमागही डाइमलर-बेंझच्या ताब्यात गेली आणि तीच गाडी १९७७ पर्यंत मर्सिडीजचे चिन्ह लावून हँबुर्ग-हारबुर्गला बनत राहिली. बेंझच्या परवान्याचे ओएम ६१६ हे चार सिलिंडरचे, सुमारे २.४ लिटरचे डिझेल इंजिन भारतात ऐंशीच्या दशकात आले. त्याच कंपनीच्या ट्रॅक्स आणि ट्रॅव्हलर गाड्यांमध्येही तेच बसल्यामुळे त्याचे पिस्टन, रिंगा, हेड गॅस्केट, नोझल आजही मिळतात. अडते ते काचेच्या रबर बिडिंगशी, दिव्यांच्या कड्यांशी आणि पुढच्या चाकांच्या अ‍ॅक्सलशी. त्यासाठी कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात आणि शीळफाट्याकडच्या भंगार गोदामांत खेटे घालावे लागतात.

गंज : या दोन शहरांत हे काम मुख्यतः गंजाशी लढण्याचे आहे. पश्चिमेच्या पुस्तकी मार्गदर्शनात गाडीच्या अंतर्भागावर जितकी पाने खर्च होतात तितकी येथे पत्र्यावर व्हायला हवीत. ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवर हवेत क्षार असतात, आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. क्षाराचे कण पत्र्यावर ओल धरून ठेवतात आणि क्लोराइडमुळे गंजाला वेग येतो. पत्र्याचे दोन थर जिथे एकमेकांवर ठोकलेले असतात, तिथल्या फटीत पाणी वर चढते आणि बाहेरचा रंग शाबूत असताना सांधा आतून कुजतो. छताच्या कडेची पन्हाळ, पुढच्या काचेखालची पट्टी, चाकांच्या कमानी आणि सरकत्या वा उघडत्या दाराखालची चौकट ही त्याची ठरलेली ठिकाणे.

विकत घेण्यापूर्वीची तपासणी अशी करतात : लोहचुंबकाला वहीचा कागद गुंडाळून तो पत्र्यावरून फिरवायचा. जिथे तो धरत नाही तिथे खाली पत्रा नसून लांबीचा (खड्डे भरायच्या पुट्टीचा) जाड थर असतो. मग तळाला, गालिचा वर करून, स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जायचे. निरोगी पत्रा खणखणतो. कुजलेला बसक्या आवाजात उत्तर देतो, आणि टोक दाबले की ते आत जाऊन तपकिरी पापुद्रे खाली सांडतात. चांगले मिस्त्री ही तपासणी डोळे मिटून, नुसत्या कानाने करतात. त्यांच्या या ज्ञानाची कुठे लेखी नोंद झालेली नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

कुजलेला भाग लाल पत्रा संपून पांढरा लागेपर्यंत कापतात आणि २० गेजचा (सुमारे ०.९ मिमी.) सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा कापून बसवतात, तळाला १८ गेज. गॅस वेल्डिंगच्या आचेने पातळ पत्रा ओढला जाऊन लाटा पडतात, म्हणून मिग वेल्डिंगने (संरक्षक वायूत तार वितळवून केलेल्या विजेच्या जोडणीने) दूर दूर टाके मारत, मध्ये गार होऊ देत सांधा पुरा करणे बरे. यानंतरच्या क्रमाबद्दल मिस्त्रींमध्ये मतभेद आहेत. जुनी पद्धत उघड्या पत्र्यावर थेट लांबी भरून मग रेड ऑक्साइड (तांबडा प्रायमर) मारण्याची. नवी पद्धत आधी इपॉक्सी प्रायमर, त्यावर लांबी, मग सरफेसर (रंगाआधीचा गुळगुळीत थर). रेड ऑक्साइड ओल झिरपू देतो आणि लांबी ती शोषते; खाडीकाठच्या गाड्यांत दोन पावसाळ्यांत फोड येतात ते यामुळेच. दुसरी पद्धत महाग असली तरी येथे तिला पर्याय नाही. दारांच्या तळाची पाणी जाण्याची भोके रंगाने बुजणार नाहीत हेही पाहावे. ड्यूको रंग दमट हवेत मारला तर वाळताना त्यावर पांढुरकी धूसर झाक येते, म्हणून रंगकाम दिवाळीनंतर होळीपर्यंत उरकतात.

जागा : ठाण्यात नौपाड्याच्या उरल्यासुरल्या बंगल्यांच्या आवारात हे जमते, सोसायटीच्या पार्किंगमध्ये ग्राइंडरच्या ठिणग्या आणि आवाज कोणी चालवून घेत नाही. त्यामुळे कापणे-जोडणे वागळे इस्टेट किंवा रबाळे-तुर्भे पट्ट्यातल्या एखाद्या शेडमध्ये करून फक्त सुतारकाम घराशी करतात. नवी मुंबईत सिडकोच्या रो-हाउसांचा ओटा उपयोगी पडतो. चार्ल्स कोरिया यांनी बेलापूरला ऐंशीच्या दशकात आखलेल्या वसाहतीत घरांच्या भिंती सामायिक ठेवल्या नाहीत, कारण प्रत्येक कुटुंबाने ऐपतीप्रमाणे घर वाढवत न्यावे असा त्यांचा विचार होता. घरगुती व्हॅनही तशीच, हाती पैसे येतील तशी वाढते.

अंतर्भाग : पुढच्या चाकांना गती असल्याने मॅटाडोरच्या तळाखाली मधून जाणारा दांडा नाही, तळ सपाट आणि बुटका राहतो, आणि फिरत्या घरासाठी तिची खरी योग्यता यातच आहे. तोटाही त्यातूनच येतो. मागे वजन वाढले की पुढची चाके हलकी होतात आणि कसारा किंवा माळशेज घाटात, पावसात, चढावर जागच्या जागी फिरू लागतात. म्हणून पाण्याची टाकी (५० लिटर म्हणजे ५० किलो) आणि बॅटरी चालकाच्या पाठीशी लगेच ठेवावी, मागच्या दाराशी नव्हे. फळ्यांना मरीन प्लाय वापरतात. छताखाली ग्लासवूल भरू नये. ती ओल धरते व पत्रा आतून खाते. बंद छिद्रांचा फोम चिकटवणे योग्य.

विजेसाठी इंजिनाच्या बॅटरीपासून वेगळी १२ व्होल्टची, १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी पुरते. तिचा प्रत्यक्ष दाब १२.८ व्होल्ट धरला तर तिच्यात सुमारे १,२८० वॅट-तास साठतात. २५ वॅटचा पंखा रात्रभर आठ तास चालला तरी २०० लागतात. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा. गॅससाठी ५ किलोचे सिलिंडर घेतात. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तळाशी साचतो, त्यामुळे सिलिंडरच्या कप्प्याला खाली जाळी ठेवणे जिवाच्या दृष्टीने अत्यावश्यक आहे.

सजावटीत घराची ओळख उमटते : पडद्यांना सोलापुरी चादर किंवा खणाचे कापड, खाचेत अडकणारा मिसळणाचा डबा, भिंतीला मुडपून बसणारा पाट.

कायदा : मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसी बुकातल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे काटेकोरपणे लागू करण्याचा निर्वाळा दिला. मोटार कॅरॅव्हॅनसाठी, म्हणजे फिरत्या घरासाठी, एआयएस १२४ हे मानक आहे आणि राज्याने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरणही आणले. पण दोन्हींची आखणी उत्पादक व व्यावसायिकांसाठी आहे. एकट्या घरगुती मालकाला त्यांतून फारशी वाट मिळत नाही. येथे वेस्टफालियाच्या पेटीचा धडा कामी येतो : पलंग, ओटा, कपाटे बॉडीला न वेल्डता मूळच्या बोल्टांच्या भोकांत बसवावीत, म्हणजे ती सामान ठरतात आणि पासिंगच्या दिवशी तासाभरात उतरवता येतात. मूळ गाडीशी इमान राखणाराही हाच मार्ग आहे. रंग बदलल्यास मात्र आरसीत नोंद करून घ्यावी लागते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते व पुढे दर ५ वर्षांनी वाढवावी लागते. हे काम ठाण्याला एमएच ०४, वाशीला एमएच ४३ आणि पनवेलला एमएच ४६ या कार्यालयांत होते. मालवाहू म्हणून नोंदलेली मॅटाडोर आधी खासगी करून घ्यावी. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही आता उच्च सुरक्षा पाटी सक्तीची आहे. त्यामुळे १९८९ पूर्वीच्या, ‘एम’ने सुरू होणाऱ्या तीन अक्षरी क्रमांकांच्या हाताने रंगवलेल्या पाट्या उतरू लागल्या आहेत. त्या भंगारात न देता गाडीच्या आत, मागच्या दारावर लावून ठेवाव्यात.