तुरीतील युरिएज

युरिएज हे युरियाचे अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड यांत विघटन करणारे विकर, म्हणजेच एन्झाइम. विदर्भात पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, ओळींमध्ये तुरीचे तास घेतात, त्यामुळे या विकराचा कच्चा माल घरोघरी असतो. डाळ मात्र भाजलेली चालत नाही. उष्णतेने विकर निकामी होते. कच्च्या तुरीचे पीठ युरियाच्या पाण्यात कालवून झाकून ठेवावे. काही वेळाने अमोनियाचा दर्प येतो, वर धरलेला ओला हळदीचा कागद लालसर होतो. गावातल्या शाळेतही करता येणारा हा प्रयोग अवश्य करून पाहावा.

विकर आहे एवढे यातून कळते. ते वेगळे काढणे फार चिकाटीचे काम आहे. डाळीत पाचव्या हिश्शाहून अधिक प्रथिने असतात आणि युरिएज त्यांतला अगदी लहान वाटा. वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठातील संशोधकांनी 2002 मध्ये तुरीच्या सोललेल्या दाण्यांतून ते शुद्ध केले, तेव्हा शुद्धता सुमारे 200 पट वाढली. म्हणजे मूळ अर्काच्या प्रथिनांत ते अर्ध्या टक्क्याच्या आसपासच होते. त्यांनी थंड ॲसिटोनने साका पाडला, आम्लाने नको ती प्रथिने काढली, पुन्हा ॲसिटोन वापरला. मग रेणूंच्या आकारानुसार वेगळे करणारे जेल गाळण आणि विद्युतभारानुसार वेगळे करणारा आयन-विनिमय स्तंभ. दर पायरीला एकूण प्रथिन आणि विकराची क्रिया दोन्ही मोजतात. दर मिलिग्रॅम प्रथिनामागे क्रिया वाढली, तरच ती पायरी कामाची. नुसता अर्क स्वच्छ दिसण्याला काही अर्थ नाही. शेवटी इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये, म्हणजे विजेच्या साहाय्याने प्रथिने वेगळी करणाऱ्या चाचणीत, एकच पट्टा उमटला; म्हणजे एकच प्रथिन उरले होते.

मग गुणधर्म. रेणुभार 540 किलोडाल्टन (एक किलोडाल्टन म्हणजे साधारण हजार हायड्रोजन अणूंचे वस्तुमान). प्रत्येकी 90 किलोडाल्टनची सहा सारखी उपएकके, म्हणजे रेणूचे घटक भाग, दर उपएककात सुमारे दोन निकेल आयन. सर्वाधिक क्रिया 7.3 पीएचला. युरियासाठी मायकेलिस स्थिरांक सुमारे 3 मिलिमोलर, म्हणजे युरियाच्या एवढ्या संहतीला विकर कमाल वेगाच्या निम्म्याने चालते.

युरिएजचे स्थान विज्ञानाच्या इतिहासातही मोठे आहे. अमेरिकेत जेम्स समनर यांनी 1926 मध्ये जॅकबीनच्या, म्हणजे आपल्या अबईच्याच प्रजातीतल्या एका शेंगेच्या, पिठापासून त्याचे स्फटिक मिळवले. त्यातून विकर हे प्रथिन असते असे दिसले, पण जाणकारांना ते वर्षानुवर्षे पटले नाही. समनर यांना नोबेल मिळाले 1946 मध्ये. वयाच्या सतराव्या वर्षी शिकारीत एक हात गमावलेल्या माणसाचे हे काम आहे, हे इथे नोंदवायलाच हवे.

रक्तातील युरिया मोजण्यासाठी युरिएज वापरतात. सोयाबीनच्या पेंडीतील युरिएजची क्रिया मोजून पेंड पुरेशी शिजली आहे का, हे ठरवतात. कच्चे सोयाबीन आणि युरिया जनावराला एकत्र खाऊ घालणे धोक्याचे असते: पोटात अमोनिया झपाट्याने सुटतो आणि विषबाधा होऊ शकते.