नाथसागराचा चालता काठ

पावसाळा लागला की मराठवाड्यात रोज सकाळी एकच चौकशी असते: जायकवाडी किती टक्के? संभाजीनगर आणि जालन्याच्या नळाचं पाणी, कालव्याखालचा ऊस, एमआयडीसीतले कारखाने, सगळं त्या आकड्याला बांधलेलं. तो आकडा पैठणला, २७ दरवाज्यांच्या भिंतीपाशी ठरतो. पण सोनेवाडीच्या किनाऱ्यावर किंवा वर कायगाव टोक्याच्या उथळ फुगवट्यात राहणाऱ्यांचा हिशोब निराळा आहे. बदकं, करकोचे, पाणवनस्पती आणि चिखलातल्या अळ्या यांना टीएमसी कळत नाही. आज पाण्याचा काठ कुठे आहे, यावर त्यांचं पोट चालतं.

गोदावरीवरच्या या धरणाचं लोकार्पण १९७६ मध्ये झालं आणि १९८६ मध्ये जलाशय पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. कोयनेसारखी डोंगरांमधली खोल दरी इथे नाही. पठारावरची सपाट काळी रानं पाण्याखाली गेली आणि नाथसागर तयार झाला. साठवणक्षमता सुमारे २,९०९ दशलक्ष घनमीटर आणि पसारा सुमारे ३५० चौरस किलोमीटर. भागाकार केला तर सरासरी खोली सव्वाआठ मीटरच्या आसपास येते, आणि यात जुन्या नदीपात्राचा खोल पट्टाही धरलेला आहे. कडेचा भाग याहून कितीतरी उथळ.

या उथळपणातच सगळी गंमत आहे. समजा, किनाऱ्याची जमीन दर २०० मीटरला फक्त १ मीटर उतरते. मग पातळी एक मीटर खाली गेली की पाणी २०० मीटर मागे हटतं. दिवाळीनंतर कालवे सुटतात, पुढे ऊन तापतं, आणि काठ रोज थोडा थोडा आत चालत जातो. नाशिककडच्या पावसाचं पाणी आलं की तोच काठ पुन्हा बाहेर यायला लागतो. स्थिर किनाऱ्याच्या तलावात उथळ पाण्याचा पट्टा एकाच जागी राहतो आणि तिथलं अन्न एकदाच संपतं. इथे तो पट्टा महिनोन् महिने सरकत राहतो, आणि दर आठवड्याला कुठला तरी नवा चिखल उघडा पडतो.

आधी वनस्पतींकडे बघू. पाण्याखाली उजेड पोचला तरच त्या वाढणार, आणि उथळ पाण्यात तो तळापर्यंत पोचतो. हायड्रिला, पोटॅमोजेटॉन, वॅलिसनेरिया यांची हिरवी रानं तिथे माजतात. सोबत कारा नावाचं शैवाल असतं. दिसायला ते झुडपासारखं, पण हाताला खरखरीत लागतं, कारण त्याच्या अंगावर चुन्याचं कवच चढतं. आपल्याकडच्या जड पाण्यानं भांड्यांवर पांढरा थर बसतो ना, तोच चुना.

वॅलिसनेरियाची तऱ्हा तर किती सांगावी! नराचं झाड वेगळं, मादीचं वेगळं. मादीफूल लांबलचक देठावर चढून पाण्याच्या पृष्ठभागावर येतं. नरफुलं इवलीशी, कळीतच देठापासून तुटतात, बुडबुड्यासारखी वर येतात, तिथे उमलतात आणि वाऱ्यावर होडीसारखी तरंगत निघतात. मादीफुलाच्या वजनानं पाण्याला किंचित खळगा पडलेला असतो. नरफूल त्या खळग्यात घसरतं आणि पराग पोचतो. काम झालं की मादीफुलाचा देठ स्प्रिंगसारखा वळत जातो आणि फळाला पुन्हा पाण्याखाली ओढून घेतो. मधमाशी नाही, फुलपाखरू नाही; वारा आणि पाण्याचा पापुद्रा एवढ्यावर संसार उभा राहतो.

या पाणरानाचं मुख्य गिऱ्हाईक म्हणजे वारकरी. काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरी पट्टी असलेला हा पाणपक्षी. ती पट्टी गोपीचंदनाच्या टिळ्यासारखी दिसते, म्हणून हे नाव. एकनाथांच्या पैठणला याहून शोभणारा पक्षी कुठला? हिवाळ्यात यांचे थवेच्या थवे उतरतात. वारकरी बुडी मारून तळाची वनस्पती उपटून वर आणतो, आणि शेजारी टपलेलं गडवाल बदक ती त्याच्या चोचीतून हिसकावतं, कारण त्याला इतकं खोल बुडता येत नाही. फाल्गुनात नाथषष्ठीला माणसांतले वारकरी पैठणला लोटतात, तेव्हा पाण्यावरच्या वारकऱ्यांपैकी बरेचसे परतीच्या तयारीत असतात.

तोवर काठ बराच आत गेलेला असतो आणि चिखलाचा हंगाम सुरू होतो. ओला गाळ मूठभर उचलून पाण्यात विरघळवला तर बारीक तांबड्या अळ्या वळवळताना दिसतात. डासासारख्या दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या माशीची ही पिल्लं. गाळात प्राणवायू अगदी कमी, म्हणून त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, आपल्या रक्तात असतं त्याच जातीचं. त्यामुळेच त्या लाल. तुतवार, शेकाट्या, शराटी ज्याच्या त्याच्या चोचीच्या लांबीप्रमाणे चिखलाचा वेगवेगळा थर उपसतात, म्हणून एकाच फर्लांगभर किनाऱ्यावर इतक्या जाती भांडण न करता चरू शकतात.

पाणी गुडघाभर उरलेल्या जागी रोहित, म्हणजे फ्लेमिंगो पक्षी, येतात. ते डोकं उलटं करून चोच पाण्यात घालतात. जीभ पंपासारखी मागेपुढे होते, आणि चोचीच्या आतल्या कंगव्यासारख्या दात्यांत अळ्या, बारीक कवचधारी जीव, बिया अडकतात. त्यांच्या पंखांचा गुलाबी रंगही अन्नातूनच येतो. ते रंगद्रव्य मुळात शैवाल तयार करतं, ते बारीक जीवांच्या पोटात जातं आणि तिथून रोहिताच्या पिसांत. पिल्लू जन्मतः करडंच असतं.

हिमोग्लोबिनची गोष्ट मात्र चिखलात संपत नाही. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब हा हंसाच्या कुळातला पक्षी हिवाळ्यात इथे येतो. तिबेट आणि मंगोलियाच्या बाजूला त्याची वीण होते आणि येताना तो हिमालय ओलांडतो. ७,००० मीटरहून जास्त उंचीवरून उडताना त्याची नोंद झाली आहे. त्याच्या हिमोग्लोबिनची घडण मैदानातल्या भाऊबंदांपेक्षा किंचित वेगळी आहे, त्यामुळे विरळ हवेतला प्राणवायूही ते घट्ट पकडतं. गाळातली अळी आणि आभाळातला हंस, दोघांची अडचण एकच: श्वास अपुरा. उत्तरही एकाच रेणूत सापडलेलं. मी जेव्हा जेव्हा हे दोघे एकाच किनाऱ्यावर बघतो, तेव्हा पाय निघत नाही.

पट्टकादंब दिवसा पाण्यावर विसावतो आणि अंधार पडला की हरभऱ्याच्या, गव्हाच्या रानात चरायला जातो. शेतकऱ्याचं नुकसान होतं, हे खरंच आहे. उघड्या पडलेल्या गाळावर लोक गाळपेर करतात. गहू, हरभरा, पुढे टरबूज, काकडी. यातल्या अनेकांच्या वाडवडिलांची जमीन याच पाण्याखाली गेली आहे, त्यामुळे त्यांना हुसकावून लावा असं मी म्हणणार नाही. पण तिथे टाकलेलं खत आणि मारलेलं औषध पुढच्या पावसात थेट पाण्यात मिसळतं. जास्तीच्या खतानं तरंगतं शैवाल माजतं, पाणी हिरवंगार गढूळ होतं आणि तळाला उजेड पोचत नाही. मग हायड्रिलाही नाही आणि वारकरीही नाही. गोदावरीत वरच्या अंगाला माजणारी जलपर्णी हेच करते. जलाशयावर तरंगते सौर पॅनेल बसवण्याचा प्रस्ताव गेली काही वर्षं चर्चेत आहे. वीज हवीच. पण पॅनेल खोल पाण्यावर बसतात की उथळ पट्ट्यावर, यानं सगळा फरक पडतो, आणि तो प्रश्न आधी विचारला पाहिजे.

उन्हाळ्यात गाळाला भेगा पडतात. वरून मेलेला वाटणारा हा गाळ खरं तर कोठार आहे. चार्ल्स डार्विननं एका तळ्याच्या काठचा तीन मोठे चमचे चिखल सहा महिने झाकून ठेवला होता आणि उगवेल ते रोप मोजून उपटलं होतं. न्याहारीच्या एका कपात मावणाऱ्या त्या चिखलातून ५३७ रोपं निघाली. बदकांच्या पायांना असा चिखल चिकटतो, बिया त्यांच्या पोटातूनही जातात, आणि एका तळ्याचं बियाणं दुसऱ्या तळ्यात पडतं. नाथसागराच्या भेगाळलेल्या गाळातही बिया आहेत, शिवाय पाणपिसवा नावाच्या बारीक कवचधारी जीवांची टणक कवचाची अंडी आहेत, जी सुकली तरी मरत नाहीत.

मग एक दिवस नाशिककडून पहिलं तांबूस पाणी येतं. टरबुजाच्या वाळक्या वेलांवरून, गुरांच्या खुरांनी पडलेल्या खळग्यांमधून ते हळूहळू वर सरकतं. भेगा बुडबुडत मिटतात. काही दिवसांतच त्या पाण्यात पाणपिसवा उड्या मारायला लागतात, आणि त्यांच्या मागोमाग बोटभर लांबीचे मासे, कालपर्यंत रान असलेल्या जागेत शिरतात.