गोळीनं पाळी कमी येते, मग रक्त जातं कुठं?

"ताई, गोळी चालू केली अन् अंगावर निस्ते डाग पडते. बाकीचं रक्त आतच साचते का वो?"

विदर्भातल्या कोणत्याही गावच्या आशाताईला विचारा, हा प्रश्न तिच्या ओळखीचा असतो. वजन थोडं वाढलं, डोकं दुखलं, तर खापर त्या 'साचलेल्या' रक्तावर. गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट मग फळीवर पडून राहतं आणि दोन-तीन महिन्यांत दिवस जातात.

आत काहीच साचत नाही. साचायला रक्त आधी तयार तर व्हायला हवं. एरवी दर महिन्याला गर्भ रुजेल म्हणून गर्भाशयाचं अस्तर जाड होतं. गर्भ राहिला नाही की ते गळतं, तीच पाळी. माला-एन या गर्भनिरोधक गोळीत एस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन असे दोन हार्मोन असतात. त्यांच्यामुळे बीज बाहेर पडत नाही आणि अस्तर पातळच राहतं. गळायलाच थोडं असतं, म्हणून जातंही थोडं. साधारण पाळीत ३० ते ४० मिलीलीटर रक्त जातं. गोळी सुरू असताना ते बरंच कमी होतं.

आता पाकीट हातात घेऊन बघा. २८ गोळ्यांपैकी २१ पांढऱ्या, त्या हार्मोनच्या. उरलेल्या ७ गडद रंगाच्या, त्या निव्वळ लोहाच्या. त्या आठवड्यात रक्त दिसतं, म्हणून 'काळी गोळी पाळी आणते' असा समज आहे. खरं तर हार्मोन थांबल्यामुळे अस्तर सुटतं. बीज सुटल्यानंतर येणारी ही पाळी नव्हेच. लोहाच्या गोळ्या दोन कामांसाठी: रोजची सवय मोडू नये आणि अंगात थोडं लोह जावं. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक बायांना रक्तक्षय आहे. दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बाईचं रक्त दर महिन्याला कमी जात असेल, तर माझ्या मते ती तक्रार नाही, फायदा आहे.

पहिले दोन-तीन महिने मधेच डाग पडतात. शरीर रुळलं की बहुतेकींचे थांबतात. पुढेही पडत राहिले, तर आधी गोळी चुकली होती का ते आठवा. एक चुकली तर आठवल्याबरोबर घ्यायची. दोन किंवा जास्त पांढऱ्या चुकल्या, तर गोळी सुरू ठेवून पुढचे सात दिवस निरोधही वापरायचा.

महालक्ष्म्या जवळ आल्या की मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणल्या जातात. शिवाशिवीचा तो हिशेब मला पटत नाही, पण गोळीपुरतं सांगते. त्यात बहुधा नोरेथिस्टेरॉन हे प्रोजेस्टिन असतं. ते आहे तोवर अस्तर टिकतं, बंद केलं की दोन-तीन दिवसांत पाळी येते. गर्भ राहणार नाही, या भरवशावर मात्र ती घेऊ नये. माला-एन नियमित घेणारीला तिची गरजच नाही: काळ्या गोळ्या सोडून थेट नव्या पाकिटातली पांढरी सुरू केली की पाळी लांबते.

छाया या दुसऱ्या गर्भनिरोधक गोळीचं सगळंच वेगळं. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेल्या या गोळीत हार्मोन नाहीत. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. तिनं काहींची पाळी उशिरा येते. पंधरा दिवसांहून जास्त उशीर झाला, तर लघवीची तपासणी करावी.

बीपी असेल, बाळ सहा महिन्यांच्या आतलं आणि अंगावर पीत असेल, किंवा डोळ्यांपुढे चमकून डोकं दुखत असेल, तर माला-एन आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. गोळी सुरू असताना एका पोटरीत सूज येऊन दुखलं किंवा छातीत दुखून दम लागला, तर थेट दवाखाना गाठावा.

आणि काळ्या गोळ्यांच्या आठवड्यात रक्त दिसलंच नाही तर? एकही पांढरी चुकली नसेल, तर दिवस गेल्याची शक्यता फार कमी; नवं पाकीट वेळेवर सुरू करावं. चुकल्या असतील, तर आशाताईकडून गर्भतपासणीचं निश्चय किट घेऊन खात्री करावी.