बाळ झोपल्यावरही न येणारी झोप

गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत झोप मोडणे इतके सर्रास असते की त्याची तक्रार म्हणून नोंदच होत नाही. पोटाचा भार, वारंवार लागणारी लघवी, छातीतली जळजळ ही कारणे उघड असतात आणि घरातली वडीलधारी मंडळी ‘आत्ताच झोपून घे, पुढे मिळायची नाही’ असे सांगून विषय मिटवतात. बाळंतपणानंतर तर जागरण गृहीतच धरलेले असते. नेहमीचा शीण आणि आजार यांतली सीमारेषा आखायला वैद्यकालाही फार उशीर लागला, तो बऱ्याच अंशी या गृहीतामुळे.

फ्रेंच डॉक्टर लुई व्हिक्टर मार्से यांनी 1858 मध्ये गरोदर, बाळंतीण आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांच्या मनोविकारांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्या काळी डॉक्टरांच्या नजरेस पडत ती मुख्यतः भ्रम झालेली, मनोरुग्णालयात आणावी लागलेली बाई. घरात बसून मुकाट रडणारी नव्हे. तिच्याकडे लक्ष वेधले ते लंडनच्या ब्राइस पिट यांनी, 1968 मध्ये, म्हणजे शंभराहून अधिक वर्षांनी.

1987 मध्ये जॉन कॉक्स आणि सहकाऱ्यांनी बाळंतपणानंतरचे नैराश्य हेरण्यासाठी एडिंबरा प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात मागील सात दिवसांविषयीचे दहा प्रश्न आहेत. नैराश्याच्या प्रचलित चाचण्या थकवा, भूक, झोप यांवर गुण देत आणि त्या हिशेबाने जवळजवळ प्रत्येक बाळंतीण आजारी ठरली असती. म्हणून ही शारीरिक लक्षणे जाणीवपूर्वक वगळण्यात आली. झोपेचा एकच प्रश्न उरला, तोही नेमका: मन इतके दुःखी आहे का, की त्यामुळे झोप लागणे कठीण झाले आहे? बाळ रडते म्हणून जागे राहणे आणि बाळ शांत झोपलेले असतानाही डोळा न लागणे यांतला फरक या शब्दरचनेत धरला गेला, आणि माझ्या मते या प्रश्नावलीचे खरे कसब तिथेच आहे.

पाश्चात्त्य देशांबाहेरचे चित्र पुढे आणणाऱ्या अभ्यासांत गोव्याचा अभ्यास महत्त्वाचा आहे. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या या पाहणीत, प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध आणि मुलगी होणे यांच्याशी त्याचा संबंध दिसला. यांतील बहुतेकींचा मानसिक त्रास गरोदरपणापासूनच सुरू होता. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या वर्गीकरणात मात्र गरोदरपणात सुरू होणाऱ्या नैराश्याला बाळंतपणाशी निगडित नैराश्याच्या गटात जागा मिळाली ती 2013 मध्ये.

अर्थात प्रत्येक निद्रानाशाचे मूळ मनात नसते. आडवे होताच पाय हलवावेसे वाटणे हा विकार स्वीडनच्या कार्ल-अ‍ॅक्सेल एकबॉम यांनी 1945 मध्ये सविस्तर मांडला. तो गरोदरपणात अधिक आढळतो आणि लोहाच्या कमतरतेशी निगडित आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या 52 टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय होता, त्यामुळे आपल्याकडे ही शक्यता आधी तपासणे शहाणपणाचे ठरते.

गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी घडवलेल्या घरपोच नवजात सेवेच्या धर्तीवर, 2011 पासून आशा कार्यकर्ती देशभर प्रसूतीनंतरच्या 42 दिवसांत ठरलेल्या दिवशी घरी येते. तिच्या तपासणी अर्जात बाळाच्या नोंदींबरोबर आई असंबद्ध बोलते का, तिला झटके येतात का, हाही प्रश्न असतो. त्यातून मार्से यांच्या काळची रुग्ण सापडते. नीट बोलणारी, पाहुण्यांना चहा विचारणारी आणि रात्रभर आढ्याकडे बघत पडणारी बाई त्यात सापडत नाही.