मणक्यातला गॅप आणि पोटातला पट्टा

हाडांच्या डॉक्टरांकडून बाहेर पडणाऱ्या माणसाला काय झालं विचारलं, की उत्तर बहुतेक ठरलेलं असतं, "मणक्यात गॅप आलाय." माझ्या आईनंही एक्स-रे पिशवीत घालता घालता हेच सांगितलं. शब्द इतका रुळलाय, की तो उलटा आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही. दोन मणक्यांमधलं अंतर वयाबरोबर वाढत नाही, कमी होत जातं.

या अंतरात गादीसारखी चकती असते. अशा एकूण 23 चकत्या, आणि कण्याच्या लांबीचा जवळजवळ चौथा हिस्सा त्यांचाच. चकतीचा गाभा म्हणजे पाणी धरून ठेवणारा गर. तरुणपणी त्यात 80 टक्क्यांहून जास्त पाणी असतं, पुढे ते उतरत जातं. दिवसभर अंगाचा भार पडून चकत्यांतलं थोडं पाणी बाहेर जातं, म्हणून रात्री आपण सकाळपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरनं बुटके असतो. आडवं झालं की ते परत शोषलं जातं. चकतीच्या गाभ्यापर्यंत रक्तवाहिनी पोचत नाही, तिचं पोषण शेजारच्या हाडातून झिरपतच यावं लागतं.

पण पाठ उभी राहते ती काही नुसत्या हाडांवर आणि चकत्यांवर नव्हे. स्नायू काढून घेतले तर कणा स्वतःच्या बळावर उभा राहू शकत नाही. तंबूचा खांब दोरांनी ताणून धरावा लागतो, तसंच हे. त्या दोरांतला एक पोटात खोलवर आहे. कमरपट्ट्यासारखा आडवा गुंडाळलेला हा स्नायू आरशात दिसत नाही. 1996 साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी त्यावर एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाला उभं करून झटकन हात उचलायला सांगायचं, आणि पोटाच्या स्नायूंत बारीक तारा घालून कोणता स्नायू कधी जागा होतो ते मोजायचं. धडधाकट माणसात हा आतला पट्टा हाताच्या स्नायूच्याही आधी आवळत होता. हात उचलला की धड डगमगणार हे शरीराला आधीच ठाऊक. ज्यांना वारंवार कंबरदुखी होत असे, त्यांच्यात मात्र पट्ट्याला उशीर होत होता. हा एकच स्नायू आवळला की दुखणं जातं, इतका सोपा अर्थ पुढच्या अभ्यासांत टिकला नाही. पण पाठीच्या बाबतीत ताकदीबरोबर वेळेकडेही बघायला हवं, हे त्यातून पुढे आलं.

ही वेळ शिकवायला पिलाटेस हा व्यायाम चांगला आहे, असं माझं मत. त्याचा जनक जोसेफ पिलाटेस 1883 साली जर्मनीत जन्मला. लहानपणी त्याला दमा होता, मुडदूस होता. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये असलेल्या या जर्मन माणसाला आइल ऑफ मॅन बेटावरच्या छावणीत डांबलं गेलं. तिथं त्यानं रुग्णांच्या खाटांना स्प्रिंगा जोडून त्यांना पडल्या पडल्या व्यायाम करायला लावला, असं सांगतात. 1926 मध्ये तो न्यू यॉर्कला गेला, आणि नर्तकांनी त्याचा स्टुडिओ भरून गेला. आपल्या पद्धतीला तो कॉन्ट्रॉलॉजी म्हणे, ताब्याचं शास्त्र. मला पिलाटेसपेक्षा हेच नाव जास्त नेमकं वाटतं.

सुरुवातीला यंत्र लागत नाही, सतरंजी पुरते. उताणं झोपा, गुडघे वाकवून पावलं जमिनीवर. कमरेखाली तळहात जेमतेम सरकेल इतकीच पोकळी ठेवा. कमरेची कमान वाढवायची नाही आणि कंबर जमिनीला चिकटवायचीही नाही. आता श्वास. पोट फुगवण्याऐवजी बरगड्या दोन्ही बाजूंना छत्रीसारख्या उघडू द्या. तोंडानं हळू श्वास सोडताना बेंबीखालचा भाग अलगद आत जाऊ द्या, घट्ट जीन्सची चेन लावताना जातो तेवढाच. पूर्ण ताकदीनं आवळलंत तर बाहेरचे स्नायू धावून येतात आणि आतला पट्टा आळशीच राहतो. हे जमेपर्यंत पुढे जाऊ नका. कुणाला दोन दिवस लागतात, कुणाला दोन आठवडे. मग श्वास सोडत एक पाय उचला, गुडघा तसाच वाकलेला, आणि कमरेखालची पोकळी न बदलता तो परत खाली टेकवा. दिसायला काहीच नाही, पण नीट केलं तर आठव्या वेळी पोट थरथरतं.

आता ज्या कारणासाठी मी हा लेख लिहायला घेतला, ते. पिलाटेसचे मूळचे बरेच व्यायाम पुढे वाकण्याचे आहेत. पडल्या जागेवरून डोकं-खांदे उचलणं, पाठीची गोल गुंडाळी करत उठणं. निरोगी तरुणाला ते चालतात. पाळी गेलेल्या, हाडं ठिसूळ झालेल्या बाईला तेच घातक ठरू शकतात. 1984 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या मेहर्शीद सिनाकी आणि बेथ मिकेल्सन यांनी ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, असलेल्या 59 स्त्रियांचा अभ्यास मांडला. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी 16 टक्के स्त्रियांचे मणके नव्यानं दबले होते, पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांत 89 टक्क्यांचे. अभ्यास लहान होता, पण कारण समजण्यासारखं आहे. पुढे वाकलं की सगळा भार मणक्याच्या पुढच्या कडेवर येतो, आणि पोकळ झालेलं हाड तिथंच पाचरीसारखं चेपतं. असे मणके पुष्कळदा न दुखता दबतात. आईच्या बाबतीत आम्हाला सुगावा लागला तो परकरावरून. जुने परकर जमिनीला लागू लागले, आणि तिला वाटलं नाडी सैल झाली.

म्हणून साठीनंतर क्लास लावण्याआधी हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करून घ्या आणि अहवाल शिकवणाऱ्यांना दाखवा. पाहूनही ते सगळ्यांसारखंच पुढे वाकण्याचे व्यायाम करायला लावत असतील, तर दुसरा क्लास शोधा. पायात बधिरपणा किंवा लघवीवरचा ताबा सुटणं असं काही असेल, तर व्यायाम बाजूला ठेवून तातडीनं डॉक्टरांकडे जा. आणि पिलाटेस इतर व्यायामांपेक्षा श्रेष्ठ आहे असंही समजू नका. कंबरदुखीवरचे अभ्यास एकत्र पाहिले, तर काही न करण्यापेक्षा तो बरा ठरतो, इतर चांगल्या व्यायामांवर मात केल्याचा ठोस पुरावा नाही.

आई आता पोटाखाली घडी घातलेली चादर घेऊन पालथी झोपते. श्वास सोडत छाती जमिनीपासून दोन बोटं उचलते, नजर खालीच ठेवते, आणि खांदे कानांपासून दूर मागे ओढते. सहा वेळा, मग विश्रांती. गेलेली उंची परत येणार नाही हे तिला सांगितलंय. दर महिन्याला ती भिंतीला टाचा लावून उभी राहते आणि डोक्यामागे किती बोटं शिरतात ते मी मोजते. गणपतीत चार होती, परवा तीन भरली.