वाळवण आणि घरातली मुलं : पार्श्वभूमी

फाल्गुन-चैत्रात नवा गहू घरात येतो आणि मृग लागला की ऊन गायब. या दोहोंच्या मधले दोन महिने म्हणजे वाळवणाचे. पावसाळ्यात भाजी मिळेनाशी झाली की कुरडई, पापड, सांडगे यांवर निभवायचे, म्हणून वर्षाची बेगमी उन्हातच उरकावी लागे. पुढे शाळा आल्या तेव्हा मे महिन्याची सुट्टीही याच दिवसांत आली. एकट्या बाईच्या आवाक्यातले हे काम नव्हतेच; मुलांचे हात खरोखर लागत.

कुरडईचेच बघा. गहू तीन दिवस भिजतो, पाणी रोज बदलावे लागते. एक दिवस चुकला की आंबूस वास येतो आणि तो शेवटपर्यंत जात नाही. पाणी बदलायचे काम म्हणूनच आठ-नऊ वर्षांच्या मुलाकडे जाई, आणि ते ध्यानात ठेवण्याची जबाबदारीही त्याचीच. चौथ्या दिवशी गहू वाटून, चोथा पिळून चीक गाळतात आणि रात्रभर निवळत ठेवतात. सकाळी वरचे पाणी अलगद ओतून टाकायचे. खाली उरलेला घट्ट चीक जितका, साधारण तितकेच पाणी मीठ-हिंग घालून उकळायचे. इथे दोन माणसे लागतातच : एक धार धरतो, दुसरा ढवळतो. ढवळणारा थांबला की गुठळी झालीच. ओले बोट लावून बघावे; चिकटले नाही तर चीक शिजला. कच्चा राहिला तर वाळल्यावर कुरडईचा भुगा होतो. सोऱ्यात चीक गरम असतानाच दाबावा लागतो, म्हणून ते काम मोठ्यांचे. लहानांना वाटीभर गरम चीक, दूध-साखर घालून.

पापडाच्या दिवशी शेजारणी आपापले पोळपाट-लाटणे घेऊन येत. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. कुटलेल्या उडदाच्या पिठाची लांब वळी करून तिला दोऱ्याचा वेढा द्यायचा, दोन्ही टोके ओढली की लाटी सुटते. मुलांचा हात इथे बसे. लाट्या सारख्या नसतील तर पापड लहान-मोठे होतात, आणि ते सगळ्यांसमोर दिसते. कावळे राखायला, दुपारी पापड उलटायला पाच वर्षांचे पोरही चाले. लाटणे मात्र मुलींच्याच वाट्याला येई, मुलगे गच्चीवर ताटे पोचवून मोकळे. ही वाटणी अन्यायाचीच होती.

हाताने काम करत शिकण्याचे मोल शिक्षणातही मांडले गेले. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगावर आधारलेली 'नई तालीम' मांडली. पुढे कोठारी आयोगाने (१९६४–६६) कार्यानुभवाची शिफारस केली. घरातले वाळवण मात्र त्याच काळात बाहेर पडू लागले होते. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले आणि 'लिज्जत' उभे राहिले. पुढे फ्लॅट आले, गच्चीला कुलूप लागले आणि पापड पाकिटातून येऊ लागला.

आज गॅलरीत सुरुवात करायची तर पाव किलो गहू घ्यावा. मिक्सरवर वाटताना भांडे तापू देऊ नये. कुरडया लहान घालाव्यात आणि पहिल्या दिवशी हलवू नयेत, ओल्या असताना तुटतात. कडकडीत वाळल्या की हवाबंद डब्यात भराव्यात आणि डब्यावर तारीख मुलालाच लिहू द्यावी.